जनीच्या गळ्यातली बाय

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात जनीला लहानपणी कोणी गायला बसवत नसे. हळदीच्या मांडवात बायकांनी गाणं धरलं की तिची मावशी ठमाबाई तिला कोपराने ढोसायची आणि म्हणायची, "तू टाळ्या वाजव गो. तोंड नको उघडू." आवाजच तसा होता, चिरका, वर चढवायला जावं तर मधेच फाटायचा. जनीलाही त्याचं फारसं काही वाटत नसे. आई बाळंतपणात गेलेली, बाप दर्यावर गेला तो परत आलेला नाही, अशी ती मावशीच्या पदराखाली वाढलेली पोर. सुकी मासळी निवडावी, पाणी भरावं, बाजारात मावशीच्या शेजारी बसून माश्या हाकाव्यात, एवढंच तिचं जग.

सत्तेचाळीस सालच्या आषाढाच्या शेवटी मुंबईहून रेवसला येणारी प्रवासी बोट वादळात बुडाली. पुढे कितीतरी दिवस किनाऱ्याला माणसं लागत राहिली. आज इथे, उद्या तिथे. कोळीवाड्यातले पुरुष चादरी घेऊन फिरत होते आणि बायकांनी पोरांना पुळणीवर जायची बंदी केली होती. जनी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. पाऊस जरा थांबलेला बघून ती वाहून आलेलं सरपण गोळा करायला किल्ल्याच्या तटाखाली गेली आणि तिथे, खडकांच्या बेचक्यात, तिला एक बाई दिसली.

नऊवारी लुगडं अंगाला घट्ट लपेटलेलं होतं. केस कालवांच्या दगडात अडकले होते. अंगावर कुठे जखम नव्हती. फक्त तोंड उघडं होतं आणि ते वाळूने गच्च भरलेलं होतं.

दुसरं कोणी पोर असतं तर किंचाळत घरी पळालं असतं. जनीला का कोण जाणे, वाटलं की हिला काहीतरी म्हणायचं आहे आणि वाळूमुळे म्हणता येत नाही. ती खाली बसली आणि बोटांनी ती वाळू काढू लागली. गालाच्या आतली, जिभेखालची, सगळी. शेवटची चिमूट निघाली तशी आतून हवा बाहेर आली. बुडालेल्या माणसाच्या छातीत अशी हवा अडकून राहते हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. "हाऽ" असा बारीक, लांबट आवाज झाला आणि तो गार श्वास सरळ तिच्या तोंडावर आला. जनीचं तोंड तेव्हा उघडंच होतं.

मग माणसं आली. बाईच्या अंगावरच्या खुणा आसपासच्या गावांत कळवल्या आणि चौलहून बैलगाडी येऊन तिला घेऊन गेली. जनी त्या संध्याकाळी तापाने फणफणली. ताप उतरायला अर्धा श्रावण गेला.

नारळी पुनव झाली, होड्या पुन्हा दर्यावर गेल्या. आश्विनाचं ऊन पडलं. बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळायला लागले आणि भर दुपारी वाड्यातल्या सगळ्या बायका ते उलटसुलट करत होत्या. जनी एका टोकाला उभी होती. काही न ठरवता, काही न सुचता तिने तोंड उघडलं आणि आतून सूर आला. त्याला शब्द नव्हते. नुसता आकार. तो खालून निघाला, सावकाश वर चढला, वर जाऊन थांबला, आणि थांबल्या जागी इतका वेळ राहिला की बायका श्वास घ्यायच्या विसरल्या. कोळ्यांच्या गाण्यात असं काही नसतं. लग्नाची नव्हे, होळीची नव्हे, देवाची नव्हे, अशी ती चाल. जनीचे हात बोंबील उलटतच होते. डोळे समोर होते. ती स्वतःसुद्धा ऐकत होती.

ठमाबाईच्या हातातली टोपली खाली पडली. "जने!" ती ओरडली. सूर तुटला. जनी आपल्या फाटक्या आवाजात म्हणाली, "मावशे, मी न्हाय."

बायका एकेक करून निघून गेल्या. त्या दिवशी बोंबील तसेच राहिले.

ठमाबाईने तिला भिकू भगताकडे नेलं. भिकूने तांदूळ टाकले, पोरीच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून डोळे मिटले आणि तो म्हणाला, "हिच्या गळ्यात बाय हाय."

"काढ तिला," ठमाबाई म्हणाली.

"काढायला ती वाईट न्हाय. कुणाचं वाकडं करायला आलेली न्हाय. तिचं गाणं ऱ्हायलंय, तेवढंच. पोरीला गाऊ दे. अडवशील तर गळा फाडून भायेर येल."

तेव्हापासून जनी गायची. म्हणजे गाणं यायचं तेव्हा ती तोंड उघडायची. ते कधी यायचं याचा नेम नव्हता. विहिरीवर यायचं, बाजारात यायचं. आज काय येणार हे तिला ठाऊक नसे, आणि संपलं की त्यातलं काही आठवत नसे. रिकाम्या हंड्यात कुणीतरी पाणी ओतावं आणि मग ओतून घ्यावं, तसं काहीतरी तिला वाटायचं. वाड्यातली माणसं ऐकायची, पण दुरून. शिवदास तांडेलाची होडी एकदा धुक्यात सापडली होती. त्याने पाण्यावरून गाणं ऐकलं, तिथे जनी उभी आहे म्हणजे किनारा त्या अंगाला असणार, असं धरून सुकाणू फिरवलं आणि कोरलईच्या खडकांवर आदळता आदळता वाचला. गाणं दर्याच्या बाजूने आलं होतं. जनी त्या वेळी घरात तांदूळ पाखडत होती, तोंड मिटून. शिवदासने ही गोष्ट सांगितल्यावर होड्या बाहेर असताना जनीने पुळणीवर फिरकू नये असा वाड्याचा नियमच झाला.

बाहेरगावच्या माणसांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की रेवदंड्याला एक कोळ्याची मुलगी आहे, अक्षरशत्रू, कधी कुणापुढे शिकायला बसलेली नाही, आणि गाते ती अशी की ऐकणाऱ्याने काम विसरावं. देवाची देणगी, असं लोक म्हणायचे. ते ऐकून ठमाबाई तोंड फिरवायची.

मार्गशीर्षात चौलला दत्ताची जत्रा भरते. जनी सोळा-सतरा वर्षांची झाली त्या साली भजनी मंडळवाल्यांनी तिला डोंगराच्या पायथ्याशी मांडवात बसवलं. दुपारची वेळ होती. तिच्या आधी चौलचे गायनमास्तर विश्वंभरपंत गाणार होते. नारळी-पोफळींची मोठी वाडी असलेल्या घरातले ते एकुलते मुलगे. ऐन तारुण्यात मिरजेकडे गुरूच्या घरी राहून, पाणी भरून, पाय चेपून गाणं शिकलेले. त्यांच्या गाण्यात चूक काढायला जागा नसे. लोक आदराने ऐकत आणि मधूनच शेंगा सोलत.

पंतांचं झालं. जनीला पुढे बसवलं. तिने डोळे मिटले आणि गाणं आलं. या खेपेला त्याला शब्द होते. तिला न कळणारे, हिंदी वळणाचे. दोन ओळी झाल्या असतील नसतील तोच विश्वंभरपंत आपल्या जागेवरून उठले. त्यांच्या धक्क्याने तबल्याची जोडी कलंडली. ते गर्दीतून सरळ तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि गाणं संपेपर्यंत हलले नाहीत.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कोनी न्हाय."

"खोटं बोलू नकोस. ही बंदिश मी रचली आहे. एकाच माणसाला शिकवली होती." त्यांचा आवाज उतरला. "आणि वरच्या षड्जावर जाण्याआधी हा असा अडखळल्यासारखा श्वास घ्यायचा, ही त्या माणसाची खोड होती. मी किती सांगितलं तरी गेली नाही."

"कोन मानूस?" जनीने विचारलं.

पंत जायला वळले. "उद्यापासून माझ्याकडे ये," एवढंच म्हणाले. "तुला शिकवतो."

जनी हरखली. ठमाबाईने नको म्हटलं, पण तिने ऐकलं नाही. "मावशे, माझ्याच गळ्याची चावी दुसऱ्याकडं हाय. शिकले तर मी उघडीन, मी बंद करीन."

रेवदंडा ते चौल हाकेच्या अंतरावर. दुपारी मासळीचं काम आटोपलं की हातपाय धुऊन ती पंतांच्या वाडीत जायची. तिला पडवीत बसायला पाट दिला होता. पंतांनी माजघरातल्या कपाटाचं कुलूप काढून एक तंबोरा बाहेर आणला, वरची गवसणी काढली आणि तो तिच्या हातात दिला. दाराच्या आड पंतांची थोरली बहीण गोदावरीआक्का उभी होती, आलवणातली, बालविधवा. तो तंबोरा बघताच तिने दाराची चौकट धरली.

जनीला वाटलं होतं, आता आपल्याला पहिल्यापासून शिकवतील. तिने विचारलंसुद्धा, "मास्तर, सा कसा लावायचा?"

"तुला कसला सा शिकवायचा?" पंत म्हणाले. "तुझ्याकडे सगळं आहे. तू गा."

ती गायची. पंत समोर भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचे. गाणं थांबलं की म्हणायचे, "पुढे?" शिकवणं त्यात काही नव्हतंच. ते नुसते मागत होते. कधी एक राग संपल्यावर दुसऱ्याचं नाव घ्यायचे आणि जनीच्या तोंडून तो निघायचा, तिला ते नावही ठाऊक नसताना. एके दिवशी त्यांनी तिला एक जांभळं लुगडं आणून दिलं. "हे नेसून बस." दुसऱ्या दिवशी तिचे केस सैल अंबाड्यात बांधायला सांगितलं. मग गाणं रंगात आलेलं असताना ते हळूच म्हणाले, "आनंदी, जरा सावकाश."

जनीने डोळे उघडले. ते तिच्याकडे बघत होते, आणि त्यांना जनी दिसत नव्हती.

मग घरी एकेक गोष्ट घडू लागली. एका संध्याकाळी ती ठमाबाईला म्हणाली, "जरा पाणी देता का?" शुद्ध, ब्राह्मणी वळणाची भाषा. ठमाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. जनीला आपण काय बोललो ते कळलंही नाही. कालवण समोर आलं की तिला मळमळायला लागलं. जन्मभर ज्या वासात वाढली त्या वासाने ती नाकाला पदर लावायची. एकदा पुळणीवरून मावशीला हाक मारायला तोंड उघडलं आणि आपण हिला काय म्हणतो तेच आठवेना. समोर एक काळी, जाड हाडाची बाई पाटी घेऊन उभी आहे, आणि ही कोण, हे सुचेना. ते सुचेपर्यंत जितका वेळ गेला, तितक्यात तिच्या अंगाला दरदरून घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी ती वाडीच्या पुढच्या अंगाला गेली नाही. मागच्या दाराला गेली. गोदावरीआक्का पायरीवर सुपाऱ्या निवडत बसली होती. जनी तिच्यापासून थोड्या अंतरावर बसली.

"आक्का, आनंदी कोन?"

आक्काचे हात थांबले. तिने एकदा आत बघितलं. पंत कामासाठी अलिबागला गेले होते.

"माझी भावजय. विश्वंभराची बायको. त्या बोटीत गेली." मग ती जनीकडे रोखून बघत म्हणाली, "गाडीतून उतरवली तेव्हा मीच तिला आंघोळ घातली. कानात वाळू, नाकात वाळू, केसांत वाळू. तोंड तेवढं स्वच्छ. मी तेव्हापासून विचार करते आहे, की तोंड कोणी पुसलं असेल."

जनीने आपली बोटं मुठीत मिटली. "मी," ती म्हणाली.

आक्काने मान हलवली. जणू तिला ते ठाऊकच होतं.

"लोक म्हणतात, तुझा गळा देवाने दिला," ती म्हणाली. "देवाने काही दिलेलं नाही. आनंदी लग्न होऊन आली तेव्हा तिचा आवाज कावळ्यासारखा होता. हसू नकोस, खरं सांगते. विश्वंभराने हौसेने शिकवायला घेतली. घरातल्या बाईचं गाणं रस्त्यावर जायला नको म्हणून तांब्याच्या हंड्यात तोंड घालून गायची. पहाटे गोठ्यात. किती वर्षं! घशातून रक्त पडायचं, मी मीठपाणी करून द्यायची. आणि मग एक दिवस ती त्याच्या पुढे गेली. त्याला ते कळलं. शिकवणं बंद झालं, तंबोऱ्याला कुलूप लागलं. ती भांडली नाही. मुंबईला भावाकडे निघून गेली. तिथे कोणीतरी तिचं गाणं ऐकलं, चारचौघांत बसवायचं ठरवलं. ती परत का येत होती, ठाऊक आहे?"

"न्हाय."

"तंबोरा न्यायला."

आत कुठेतरी वारा शिरला असावा. कपाटाचं दार हललं.

"पोरी, तुझ्या तोंडून येतं ती तिच्या कष्टाची कमाई आहे," आक्का म्हणाली. "तुझी नव्हे. आणि विश्वंभराची तर नव्हेच. तो ती पुन्हा घरात कोंडून ठेवायला बघतो आहे, तुझ्या अंगात घालून."

जनी त्या दिवशी गायली नाही. पण पुढचा कार्यक्रम ठरून गेला होता. अलिबागच्या एका गायनप्रेमी मंडळाने तिचं गाणं ठेवलं होतं. वकील, कचेरीतले अधिकारी, शाळामास्तर, सगळे येणार होते. मुंबईहून एक मोठे जाणकार खास यायचे होते. पंतांनी तिला बजावलं, "इथून तुझं नाव होईल. माझी शिष्या म्हणून." जनीने मान डोलावली. मनात काय होतं ते तिने ठमाबाईलाही सांगितलं नाही. फक्त जांभळं लुगडं परत केलं आणि आपलं कोळ्याचं लुगडं, गुडघ्यापर्यंत घट्ट कासोटा मारून, नेसून गेली.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला गाणं सुरू झालं. पहिला राग संपला तेव्हा माणसं टाळ्या वाजवायचीसुद्धा विसरली. ते मुंबईचे जाणकार उठून उभे राहिले. "मंडळी," ते म्हणाले, "याला म्हणतात उपजत देणगी. शंभर वर्षं शिकून हे येत नाही. निरक्षर मुलगी, घरात कोणाचा संस्कार नाही, आणि हे गाणं! शिक्षण इथे हात टेकतं."

पंतांनी नम्रपणे मान लववली.

जनीने तंबोरा खाली ठेवला. "साहेब," ती म्हणाली. तिचा बोलण्याचा आवाज चिरका होता, आणि तो ऐकून पुढच्या रांगेतल्या काहींना हसू आलं. "हे उपजत न्हाय. ही मेहनत हाय. पन माझी न्हाय."

"म्हणजे?"

"चौलच्या आनंदीबाईंची हाय. मास्तरांच्या घरधनिणीची. त्या सत्तेचाळीस सालच्या बोटीत गेल्या. हंड्यात तोंड घालून शिकल्या. त्यांना कधी असं माणसांत बसून गाऊ दिलं न्हाय. तंबोऱ्याला कुलूप लावलं होतं. आज हा त्यांचा तंबोरा हाय, आणि तुमी सगळे बसलेत."

पंतांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. जनीने तंबोरा पुन्हा मांडीशी घेतला, डोळे मिटले आणि कुणाशी तरी बोलावं तशी हळूच म्हणाली, "बाय, आता तू गा. लोक ऐकतायत."

त्यानंतर जे गाणं झालं त्याबद्दल अलिबागेत पुष्कळ वर्षं बोललं जात होतं. बायकांच्या रांगेतून हुंदके येत होते. बाहेर रस्त्यावरचे टांगे थांबले होते. गाणं वर चढत गेलं, शेवटच्या षड्जाच्या आधी तो अडखळता श्वास आला, आणि मग सूर लागला. तो लागला आणि जनीने तोंड मिटलं. पुढच्या रांगेत बसलेल्यांनी हे स्पष्ट पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते, गळ्याची शीर हलत नव्हती, आणि तो सूर तसाच भरलेला होता. छताखाली. मग तो दाराकडे सरकल्यासारखा झाला. दाराजवळच्या माणसांनी नकळत वाट दिली. समुद्राच्या बाजूला तो बारीक होत होत गेला.

जनीने पाणी मागितलं. ते तिच्या तोंडून "पानी" असंच निघालं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला आपला घसा रिकामा वाटला. ती रडली. सुटल्याचं रडू होतं की गमावल्याचं, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

त्या दिवसानंतर ते गाणं आलं नाही. लोक काही महिने यायचे, ऐकवायला सांगायचे, तिचा खरा आवाज ऐकून निराश होऊन जायचे. मंडळवाल्यांनी तिचं नाव वगळलं. पंतांनी शिकवण्या बंद केल्या आणि वाडीबाहेर पडणं सोडलं. ठमाबाई मात्र खूश होती. पोर पुन्हा कालवण-भात चापून खात होती.

पण जनीला चैन पडेना. एकदा गळ्यातून तसं काही गेलं की माणूस पुन्हा नुसत्या टाळ्या वाजवत बसू शकत नाही. पावसाळा सरला तशी ती वाडीच्या मागच्या दाराला गेली.

"आक्का, मला शिकवा."

"मी? मी जन्मात कधी गायले नाही."

"पन तुमी ऐकलंत. सगळं, पहिल्यापासून."

आक्काने हातातल्या सुपाऱ्या बाजूला ठेवल्या. मग आत जाऊन तांब्याचा हंडा घेऊन आली, त्याच्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, "विश्वंभराने तिला पहिली दोन वर्षं एकच सूर लावायला लावला होता. बस."

जनी बसली. सूर लागेना. फाटायचा, घसरायचा, मध्येच मरून जायचा. वाडीवरची पाखरं उडून जायची. महिने गेले. एकदा ती हंडा ढकलून देत म्हणाली, "आक्का, आधी सगळं यायचं. आता एक सा येत न्हाय. माझ्या नशिबात न्हाय ते."

"तू तिचा फक्त शेवट ऐकला आहेस," आक्का म्हणाली. "मी सुरुवात ऐकली आहे. ती तुझ्यापेक्षा वाईट गायची. उचल हंडा."

अशी वर्षं गेली. मधल्या काळात चंदर नावाच्या होडीवाल्याशी तिचं लग्न झालं. चंदरने तिचं जुनं गाणं ऐकलेलं होतं. तो म्हणायचा, "मला ह्योच आवाज बरा. अंगावर काटा येत न्हाय." तिला दोन मुलं झाली. मूल कडेवर घेऊन ती मागच्या दाराला जायची. आक्काची दृष्टी गेली, तरी कान शाबूत होते, "खाली गेलीस", "वर ओढ", "घाई कसली आहे?" असं ती अंधारातून सांगत राहायची. हळूहळू सूर ठरला. मग दुसरा. मग त्यांच्यातलं अंतर. साठ सालच्या जत्रेत भजनी मंडळाने तिला पुन्हा बसवलं, जरा मागे, जरा संकोचाने. आवाज मोठा नव्हता. वर गेला की त्यात एक खरखर राहायची, ती कधी गेली नाही. पण ती काय गात होती ते तिला माहीत होतं, आणि संपल्यावर ते तिच्याजवळ राहायचं. जुन्या ऐकणाऱ्यांनी उसासा टाकला. "तेव्हाचं गाणं म्हणजे…" असं म्हणून ते वाक्य अर्धवट सोडायचे. जनी त्यांना म्हणायची, "व्हय. त्या मोठ्या होत्या." तिला त्यात कमीपणा वाटत नसे. कोळीवाड्यातल्या चार मुली तिच्याकडे यायला लागल्या होत्या.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात विश्वंभरपंत अंथरुणाला खिळले. एका दुपारी आक्काने जनीला बोलावणं धाडलं. पंत माजघरात पडून होते, नुसती हाडं उरलेली. जनीला बघून त्यांनी हात जोडल्यासारखं केलं.

"तिचं गाणं एकदा ऐकव," ते म्हणाले. "एकदाच."

"ते माझ्याकडं न्हाय, मास्तर. आता माझंच हाय."

"मग तुझं ऐकव."

जनी पाटावर बसली. तोच आनंदीबाईंचा तंबोरा लावला. तिने तीच बंदिश घेतली, त्यांनी रचलेली. आक्काने तिला ती एकेक अक्षर करून दिली होती. ती सावकाश गात गेली. उन्हाचा कवडसा जमिनीवर होता, बाहेर रहाट चालू होता. आक्का दाराशी मांडीवर ताल धरून बसली होती, ओठ घट्ट मिटून. गाणं वर चढू लागलं तसे पंत अस्वस्थ झाले. मान इकडेतिकडे करू लागले. मग एकदम डोळे उघडून ते जनीच्या खांद्यामागे बघत, रागावलेल्या मास्तराच्या आवाजात म्हणाले, "दोघी एकदम गाऊ नका. एकीचं ऐकू द्या."

जनीच्या पाठीवरून गार काहीतरी सरकलं. तिने मागे बघितलं नाही. तिने कान देऊन ऐकलं. तिला फक्त आपलाच आवाज ऐकू येत होता, वरच्या सुरातल्या खरखरीसकट. क्षणभर तिला वाटलं की थांबावं. मग तिने श्वास घेतला आणि अंतरा धरला.

पंतांचे डोळे त्याच जागेवर होते आणि चेहऱ्यावर भीती नव्हती. शिकणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर असते तशी काहीशी लाज होती. बंदिश संपली. आक्काने आणखी थोडा वेळ ताल धरला, कुणाचं तरी गाणं अजून चालू असल्यासारखा, आणि मग हात थांबवला.

"झालं?" जनीने विचारलं.

"आता झालं," आक्का म्हणाली.

जनीने तंबोऱ्याला गवसणी घातली, पंतांच्या पायांना हात लावला आणि उन्हातून रेवदंड्याच्या रस्त्याला लागली. चंदरची होडी येण्याची वेळ झाली होती.